पावसाळ्यात मेंढरांचे जंत: औषधाआधी चराई सांभाळा

माण, खटाव, सांगोला, जत भागात जूनच्या पावसाने रान हिरवं होतं, आणि मेंढीच्या पोटात रक्त पिणाऱ्या जंताचाही हंगाम सुरू होतो. लेंडीतून पडलेल्या अंड्यांपासून उबदार, दमट हवेत चार ते सात दिवसांत अळी तयार होते. दवाच्या ओलीवर ती पात्यावर चढते, पण बहुतेक अळ्या जमिनीलगतच्या दोन इंचांतच राहतात.

म्हणून एका तुकड्यात तीन-चार दिवसांपेक्षा जास्त चारू नका. गवत चार बोटं उरलं की कळप हलवा आणि तिथे पाच-सहा आठवडे फिरकू नका. मधल्या काळात गाई-म्हशी चारा, शेळ्या नकोत. त्यांनाही हाच जंत होतो. सकाळी दव सुकल्यावरच वाडा सोडा. बांधावरची बाभूळ, बोर खाऊ द्या, उंचावरच्या पाल्यावर अळ्या नसतात. विणाऱ्या आणि पाजणाऱ्या मेंढ्यांच्या लेंडीतून अंडी जास्त पडतात, त्यांच्या कोकरांना सर्वांत स्वच्छ रान द्या.

दर पंधरा दिवसांनी भर उजेडात डोळे तपासा; जंतांनी रक्त पिलं की पापणीच्या आतला रंग फिकटतो. वाघर (कळपाभोवतीचं जाळीचं कुंपण) आवळून जागा कमी करा, पळापळ करू नका. एक हात हनुवटीखाली, दुसरा पुठ्ठ्यावर. लोकर किंवा पाय ओढू नका, लोकर ओढली की कातड्याखाली रक्त साकळतं. वरची पापणी हलकेच दाबून खालची उघडा. आतला रंग लालबुंद असेल तर औषध नको. फिकट गुलाबी असेल तर लक्ष ठेवा. पांढरट असेल किंवा जबड्याखाली पाणी साठलं असेल, तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वजनानुसार जंतनाशक त्याच दिवशी द्या. इथे कडुनिंबाच्या पाल्यावर भिस्त ठेवाल तर जनावर जाईल. सगळ्या कळपाला सरसकट पाजलं, तर औषधाला न जुमानणारे जंतच मागे उरतात. वारंवार पांढरी पडणारी मेंढी गेरूने खुणावून ठेवा; तिचं नर कोकरू बालिंगा (पैदाशीचा मेंढा) म्हणून राखू नका.

कोवळ्या गवतावर एकदम सोडल्यास आंत्रविषाराने (आतड्यात विष तयार होण्याच्या रोगाने) धष्टपुष्ट कोकरूच आधी मरतं. आधी कडबा द्या, मग सोडा. त्याची लस मे महिन्यातच टोचा, पहिल्यांदा पंधरा दिवसांच्या अंतराने दोन डोस. लस टाळणं म्हणजे नैसर्गिक पालन नव्हे.

वाघर उताराच्या मुरमाड जागी लावा, चिखल झाला की हलवा. ओल्या लेंड्यांत उभी राहून खुरं कुजतात. मोरचूद मात्र पाजू नका: त्यातलं तांबं मेंढीच्या यकृतात साठत जातं आणि तिला विषबाधा होते.