वलणीवरचे कपडे आणि कॅटलन

स्पेनमधल्या बार्सिलोनाकडची कॅटलन भाषा बोलताना मराठी माणसाला दोन गोष्टी फुकटात मिळतात: दातांवरचा ‘त’ आणि आपला ‘अ’. इंग्रजीच्या सवयीने ‘ट’ लावला की बिघडतं. जोर नसलेले ‘आ’ आणि ‘ए’ तिथे ‘अ’ होतात, जोर नसलेला ‘ओ’ ‘उ’ होतो. (व्हॅलेन्सियाकडे असं होत नाही, म्हणून दोन्हीकडचे व्हिडिओ एकदम ऐकू नका.) वहीत शब्दाच्या शेवटी ऽ काढा; नाहीतर शेवटचा ‘अ’ आपण गिळतो.

शब्द सुटा पाठ करायचा नाही, त्याच्या आधी येणाऱ्या ‘ल’ किंवा ‘अल’सकट (इंग्रजीतल्या ‘the’सारखे शब्द) करायचा. ‘ल’ स्त्रीलिंगी, ‘अल’ पुल्लिंगी. शर्ट ल कमिझऽ, टी-शर्ट ल समर्रेतऽ, स्कर्ट ल फल्दील्यऽ, बूट ल सबातऽ, पट्टा अल सिन्तुरो. आपला शर्ट ‘तो’, त्यांची कमिझऽ ‘ती’. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. उलट साडी तिकडे पुल्लिंगी: पैठणी सांगायची तर ‘उन सारी द सेदऽ’, म्हणजे रेशमी साडी. परभणीकडच्या कापसाला अल कुतो. सुती शर्ट म्हणजे कमिझऽ द कुतो. कापड नेहमी मागून येतं.

रंगही मागूनच. संध्याकाळी वलणीवरून कपडे काढताना एकेक हातात घेऊन मोठ्याने म्हणा: निळा शर्ट, ल कमिझऽ ब्लावऽ, निळा पट्टा, अल सिन्तुरो ब्लाउ. निळा-निळी आपल्याकडेही बदलतं, त्यामुळे हे जमतं. फसवतो तो लाल, कारण मराठीत तो हलत नाही. तिथे पट्टा बर्मेल्य, कमिझऽ बर्मेल्यऽ. काळा मात्र दोन्हीकडे नेग्रऽच ऐकू येतो, फरक फक्त लिहिण्यात. घड्या घालताना अनेकवचन: लस कमिझस, लस सबातस. पॅंट एकच असली तरी अल्स पन्तलोन्स, म्हणून काळी पॅंट ‘अल्स पन्तलोन्स नेग्रस’.

दुकानात तीन वाक्यं पुरतात. ‘घालून बघू का?’ पट्ट्यासाठी ‘मल पुक अम्प्रुबा?’, शर्टासाठी ‘म ल पुक अम्प्रुबा?’, लिंग पाठ नसेल तर इथे अडकाल. मोठा होतो: ‘अम बा ग्रान’. लहान होतो: ‘अम बा पतीत’, शर्ट असेल तर पतीतऽ. हसू येतंच, पण शब्द डोक्यात बसतो. कपड्याच्या मापाला ताल्यऽ म्हणतात, बुटाच्या मापाला नूमरु. आपला पुरुषांचा 8 नंबर तिकडे साधारण 42, तेव्हा 8 सांगून उपयोग नाही.