डोंगरावरील फुलपाखरांची उंचीनुसार नोंद कशी करावी

डोंगरावर कोणते फुलपाखरू किती उंचीवर राहते हे शोधायचे असेल, तर पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढत जाऊन दिसेल ते टिपण्याचा मोह आधी आवरावा. अशा चढाईत पायथा सकाळच्या गारव्यात आणि माथा भर उन्हात पाहिला जातो. मग नोंदीतला फरक उंचीचा की वेळेचा, हे कोणालाच सांगता येत नाही.

त्याऐवजी उंचीचे 200-200 मीटरचे पट्टे पाडावेत आणि प्रत्येक पट्ट्यात सारख्याच लांबीची, शक्यतो आडवी जाणारी पायवाट ठरवावी. तिच्यावरून संथ, एकसारख्या गतीने चालत दोन्ही बाजूंना अडीच मीटर आणि पुढे पाच मीटर एवढ्याच चौकटीतली फुलपाखरे मोजावीत. ब्रिटनमध्ये 1976 पासून चालू असलेली गणना याच पद्धतीने होते. पट्ट्यांचा क्रम दर फेरीला बदलावा आणि ऊन, वारा, तापमान लागलीच लिहावे.

खरी अडचण मोजण्यात नाही, अर्थ लावण्यात आहे. माथ्यावर दिसलेले फुलपाखरू माथ्यावर राहतेच असे नाही. स्वॅलोटेलसारख्या काही जातींचे नर मादीच्या शोधात मुद्दाम शिखरावर जमतात, पेंटेड लेडी स्थलांतर करताना खिंडी ओलांडून जाते, तर काही जाती वाऱ्याबरोबर वर ढकलल्या जातात. म्हणून नावापुढे फुलपाखरू काय करत होते तेही लिहावे: मध पीत होते, चिखलपान करत होते (ओल्या चिखलातून क्षार शोषत होते) की अंडी घालत होते. माझ्या मते अंडी घालणारी एक मादी उडत गेलेल्या दहा नरांपेक्षा मोलाची नोंद आहे, कारण जातीचा पट्टा अखेर सुरवंटाच्या खाद्यवनस्पतीवर ठरतो. अपोलो या डोंगरी फुलपाखराचा सुरवंट सेडम नावाच्या छोट्या वनस्पतीच्या मांसल पानांवर वाढतो, तेव्हा खडकांच्या फटींत सेडम कुठवर उगवते तेही पाहावे.

थंडीचा परिणाम मात्र पंखांवरच वाचता येतो. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, आणि उंचावरच्या कोलियास फुलपाखरांच्या मागच्या पंखांची खालची बाजू सहसा अधिक काळसर असते. पंख मिटून, अंग एका कुशीवर कलवून ते हीच बाजू उन्हाकडे धरतात. असे बसलेले फुलपाखरू दिसले, तर उडण्याआधी त्या बाजूचे छायाचित्र घ्यावे.

शेवटी आलेख काढताना प्रत्येक पट्ट्यातील फेऱ्या समान आहेत ना, हे आधी तपासावे. अनेक डोंगरांवर मधल्या उंचीवर जाती सर्वाधिक भरतात खऱ्या. पण तिथेच जास्त हिंडल्यानेही तसाच फुगवटा दिसतो.