पावसाळ्यापूर्वी सौर घरासाठी जनरेटरची क्षमता कशी ठरवावी

घाटमाथ्यावर आणि कोकणात विजेची तार न पोहोचलेल्या ज्या शेतघरांचा सगळा भार सौर पॅनेलवर आहे, त्यांना मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर विजेची चणचण भासू लागते. स्वच्छ उन्हात १ किलोवॅट पॅनेलपासून दिवसाला ४ ते ५ युनिट वीज मिळते. झड लागल्यावर हेच उत्पादन १ युनिटच्याही खाली येऊ शकते. बॅटरी वारंवार तळापर्यंत उतरली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून लहान जनरेटर जोडीला असावा. त्याची खरेदी मे महिन्यातच करावी, कारण भर पावसात अडचण आल्यावर दुकानात असेल तो जनरेटर घ्यावा लागतो.

क्षमतेचा हिशेब पॅनेलवरून किंवा घरातील सर्व उपकरणांची बेरीज करून न मांडता बॅटरीच्या चार्जिंगवरून मांडावा. समजा, घरात १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या चार ट्युब्युलर बॅटऱ्या आहेत. त्यांची एकूण साठवण ७.२ युनिट असली तरी त्यातील निम्मीच वापरायची असते. अशा बॅटरीला क्षमतेच्या दहाव्या भागाइतका, म्हणजे १५ अँपिअर चार्जिंग करंट योग्य ठरतो, आणि चार्जरमधील तूट धरता त्यासाठी जनरेटरकडून सुमारे १ किलोवॅट घेतले जाते. साध्या चार्जरचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) ०.७ च्या आसपास असल्याने हाच भार जनरेटरवर जवळपास १.४ केव्हीए (जनरेटरची क्षमता मोजण्याचे एकक) होतो. त्याच वेळी चालणारे फ्रिज, पंखे आणि दिवे मिळवून तो २ केव्हीएच्या घरात जातो. जनरेटर पूर्ण भाराच्या तीन चतुर्थांशावर चालवणे इष्ट असल्यामुळे येथे २.५ ते ३ केव्हीए पुरेसे आहेत.

खरी अडचण मोटरची असते. १ एचपीची सिंगल फेज पाणबुडी मोटर चालताना सुमारे १.१ किलोवॅट घेते, पण सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते. चार्जिंग आणि मोटर एकाच वेळी चालवायची म्हटले तर ५ केव्हीएचा जनरेटर लागेल. मोटर सुरू करण्यापूर्वी इन्व्हर्टरकडे जाणारा पुरवठा, म्हणजेच बॅटरीचे चार्जिंग, बंद केला, तर साधारणतः ३ केव्हीएवर काम भागते. एवढ्या एका सवयीने खरेदीचा आणि इंधनाचा बराच खर्च वाचतो, म्हणून आमचा आग्रह याच पद्धतीचा आहे. स्वतःच्या कंट्रोलरवर चालणारा सौर कृषिपंप मात्र या हिशेबात धरू नये आणि जनरेटरला जोडू नये.

‘थोडा मोठाच घेऊ’ हा विचार टाळावा. डिझेल इंजिन सतत ३० टक्क्यांहून कमी भारावर चालले की त्यात काजळी साचते. उंचीचाही विचार करावा: दर ३०० मीटरला इंजिनाची ताकद साधारण ३ टक्के घटते, त्यामुळे महाबळेश्वरसारख्या १,३५० मीटर उंचीच्या ठिकाणी १३ ते १४ टक्के जादा क्षमता धरावी.

जनरेटर सकाळी चालवावा. बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत लवकर भरते, शेवटचा टप्पा मात्र कमी करंटवर तासन्‌तास चालतो. तो दुपारच्या अंधुक उन्हावर सोडावा आणि इंधन वाचवावे. जोडणी इन्व्हर्टरच्या मेन इनपुटला किंवा चेंजओव्हर स्विचमधूनच (एका वेळी एकच पुरवठा जोडणाऱ्या स्विचमधूनच) करावी. इन्व्हर्टरच्या आउटपुटला जनरेटर जोडल्यास इन्व्हर्टर जळण्याचा धोका असतो. इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असे बटण असेल तर ते ‘नॉर्मल’वर ठेवावे, अन्यथा व्होल्टेजच्या चढउतारामुळे तो जनरेटरची वीज स्वीकारत नाही.

पावसापासून वाचवण्यासाठी जनरेटर ओटीवर किंवा गोठ्यात घेऊ नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग वा वास नसतो आणि तो झोपेतच जीव घेतो. घरापासून दूर, खिडक्यांच्या विरुद्ध दिशेला, चारही बाजूंनी मोकळे छप्पर उभारावे आणि अर्थिंग करून घ्यावे.

मृग लागण्याआधी एके दिवशी बॅटरी निम्मी उतरू द्यावी आणि तासभर जनरेटरवर चार्जिंग करून पाहावे. त्यानंतर चार्जिंग थांबवून मोटर तीनदा सुरू करावी. दिवे फार मंदावले किंवा इंजिन गुदमरले, तर दुकानदाराकडे त्याच आठवड्यात जावे.