लठ्ठ मांजराचं वजन कच्च्या आहारावर कसं उतरवावं

मांजर गुबगुबीत होत जातं तेव्हा कुणाला काही वाटत नाही, उलट कौतुकच होतं. मग एक दिवस ते पाठ चाटायला मान वळवतं आणि जीभ शेपटीच्या मुळापर्यंत पोचतच नाही. आमच्या बोक्याचं असंच झालं. कमरेवर केसांच्या गुठळ्या दिसल्या म्हणून उचलून काट्यावर ठेवला, तर 7.2 किलो. त्याच्या बांध्याला साडेपाच पुष्कळ झाले असते.

त्याला आम्ही कच्च्या मांसावर आणलं आणि वजन उतरलं. पण मांस कच्चं होतं म्हणून नव्हे, मोजून दिलं म्हणून. हे आधीच सांगते, कारण ‘कच्चं घाला, चरबी आपोआप झडेल’ असं छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतात. कातडीसकट, चरबीसकट, मन मानेल तितकं कच्चं मांस खाऊन मांजर आणखी जाड होतं.

खरा फायदा पाण्याचा आहे. मांसात साधारण 70 ते 75 टक्के पाणी असतं, कोरड्या दाण्यांत जेमतेम 10. त्यामुळे 100 ग्रॅम दाण्यांत 350 ते 400 किलोकॅलरी भरतात, तर चरबी काढलेल्या मांसाच्या मिश्रणात 120 ते 150 च्या आसपास. तेवढ्याच कॅलरीत वाटी भरलेली राहते. शिवाय प्रथिनं भरपूर मिळाली की वजन उतरताना स्नायू कमी झिजतात. चांगल्या डबाबंद ओल्या खाण्यातूनही हे बरंचसं साधतं. पुढे जंतूंबद्दल वाचून मन डळमळलं तर खुशाल तिकडे वळा, त्यात कमीपणा काही नाही.

आधी डॉक्टर, मग खाटीक

रक्त आणि लघवी तपासून घेतल्याशिवाय सुरुवात करू नका. मूत्रपिंडं अधू असतील तर मांसातलं फॉस्फरस त्यांना झेपत नाही. मधुमेही मांजराचं तर अगदी जपून करावं लागतं: खाण्यातलं पिष्ट कमी झालं की इन्सुलिनची गरज थोड्याच दिवसांत घसरू शकते, आणि जुनाच डोस चालू राहिला तर साखर एकदम खाली जाऊन मांजर कोसळतं. पिल्लं, गाभण मांजरी, एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती खच्ची करणारा विषाणू) किंवा ल्युकेमियाच्या विषाणूची लागण असलेली आणि स्टेरॉइड किंवा कर्करोगाची औषधं चालू असलेली मांजरं यांच्यासाठी हा प्रयोग नाही. घरात तान्हं बाळ, गरोदर बाई, खूप थकलेली माणसं किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेलं कुणी असेल तरी नाही.

तुमचे डॉक्टर नाक मुरडण्याची शक्यता मोठी आहे. अमेरिकन व्हेटरनरी मेडिकल असोसिएशनने 2012 सालीच कच्च्या मांसाविरुद्ध भूमिका घेतली होती, आणि त्यामागची कारणं खरी आहेत. तरीही लपवाछपवी करू नका. उद्या मांजराला जुलाब लागले तर वाटीत काय पडत होतं हे डॉक्टरांना माहीत असलेलं बरं.

जादा वजन किती, ते ठरवा

लोंबणाऱ्या पोटावर जाऊ नका. मागच्या पायांपुढे हलणारी ती सैल झालर सडपातळ मांजरांनाही असते. बरगड्या चाचपा. हाताची मूठ वळून बोटांच्या उंचवट्यांवरून दुसरं बोट फिरवा: बरगड्या इतक्या टोकदार लागल्या तर मांजर हडकुळं आहे. पंजा सरळ पसरून हाताच्या पाठीवरून बोट फिरवा: तसं लागलं तर उत्तम. आणि तळहाताच्या गादीसारखं, आत हाड आहे की नाही अशी शंका यावी असं लागलं, तर मांजर लठ्ठ आहे. डॉक्टर हेच 1 ते 9 गुणांच्या पट्टीवर मोजतात. 5 म्हणजे योग्य, आणि त्यावरचा प्रत्येक गुण म्हणजे साधारण 10 ते 15 टक्के जादा वजन. नेमकं लक्ष्य त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

आता कॅलरी. लक्ष्याच्या वजनाला (आजच्या नव्हे, इथेच बहुतेकांची चूक होते) 30 ने गुणा आणि 70 मिळवा. साडेपाच किलोसाठी 235 किलोकॅलरी आल्या. मांजर दिवसभर नुसतं पडून राहिलं तर त्याला लागणारी ही ऊर्जा. वजन उतरवायला सुरुवातीला याच्या 80 टक्के धरतात, म्हणजे 188, सोयीसाठी 190. 100 ग्रॅमला 130 किलोकॅलरी असलेलं मिश्रण असेल तर दिवसाला 146 ग्रॅम झालं. तेवढ्याच कॅलरीचे दाणे जेमतेम 50 ग्रॅम भरतात. दोन्ही शेजारी शेजारी वाटीत काढून बघा, आपलं मांजर आजवर कसं फुगलं याचा उलगडा होईल.

हे मोजायला स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा हवा. वाटी, चमचा, ‘अंदाजे मूठभर’ यावर हे काम होत नाही. आणि घरातल्या प्रत्येकाला दम द्या. आमच्याकडे आठवडाभर वजन हलेना, तेव्हा कळलं की पहाटे कुणीतरी ‘थोडेसेच’ दाणे टाकत होतं.

नुसतं मांस म्हणजे आहार नव्हे

सगळ्यात जास्त मांजरं इथे बिघडतात, म्हणून इथे जरा थांबते.

मांजर उंदीर खातं तेव्हा तो अख्खा खातं: हाडं, कलेजी, हृदय, रक्त, सगळं. आपण त्याच्यापुढे ठेवतो ते बहुधा नुसतं मऊ मांस. त्यात कॅल्शियम जवळपास नसतंच, फॉस्फरस मात्र भरपूर असतं. हे दोन्ही साधारण बरोबरीने, किंवा कॅल्शियम किंचित जास्त, असं मिळायला हवं. महिनोन्महिने नुसत्या खिम्यावर ठेवलेलं मांजर स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम ओढून वापरतं. हाडं ठिसूळ होतात आणि साध्या उडीत पाय मोडतो.

दुसरं टॉरिन, म्हणजे मांसात असणारं एक अमिनो आम्ल. ते मांजराला स्वतःच्या शरीरात पुरेसं तयार करता येत नाही. ते कमी पडलं की डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदय ताणून सैल पडतं. 1987 साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की मांजरांमधला हा हृदयरोग टॉरिनच्या कमतरतेने होतो आणि ते दिलं तर बरा होऊ शकतो. त्यानंतर बाजारातल्या तयार खाण्यात टॉरिन वाढवलं गेलं. टॉरिन पाण्यात विरघळतं. म्हणून मांस वितळताना सुटलेलं पाणी ओतून देऊ नका, वाटीतच घाला. हृदयाच्या मांसात ते चांगलं असतं, पण घरच्या मिश्रणात ते वेगळं घालावं लागतं असंच धरून चाला.

कलेजी हवीच, कारण गाजरातल्या रंगद्रव्यापासून अ जीवनसत्त्व बनवणं मांजराला जमत नाही. ते तयारच मिळावं लागतं. पण एकूण मिश्रणाच्या साधारण 5 टक्क्यांपुढे जाऊ नका. रोज कलेजीच खाणाऱ्या मांजराच्या मानेचे मणके हळूहळू एकमेकांना जखडतात. मांजराला कलेजी प्रचंड आवडते, म्हणूनच हा धोका खरा आहे. कच्चे मासेही टाळा. काही माशांत ब-1 जीवनसत्त्व मोडणारं द्रव्य असतं, आणि ते जीवनसत्त्व संपलं की मांजराची मान खाली लोंबते, झटके येतात. कच्चं डुकराचं मांस तर मुळीच नको, त्यातून येणारा एक विषाणू मांजराला हमखास मारतो. कांदा-लसूण लावलेलं काहीही नको. शिजलेलं हाड तर कधीच नको, ते चिरफळ्या होऊन आतड्यात रुततं.

त्यामुळे रस्ते दोनच. एक, ‘संपूर्ण व संतुलित’ असं स्पष्ट लिहिलेलं तयार फ्रोझन खाणं घ्या. उच्च दाबाची प्रक्रिया केलेलं मिळालं तर तेच निवडा, त्यात जंतू बरेच कमी झालेले असतात. दोन, पशुआहारतज्ज्ञाकडून आपल्या मांजरासाठी पाककृती बनवून घ्या आणि ती जशीच्या तशी पाळा. त्यांना सांगताना ‘वजन उतरवायचंय’ हे आवर्जून सांगा. साध्या पाककृतीचा भाग आपण कमी केला की कॅलरीबरोबर जीवनसत्त्वं आणि खनिजंही तितकीच कमी होतात. वजन उतरवायच्या पाककृतीत ती त्याच हिशेबाने वाढवलेली असतात.

मांस निवडताना कातडी आणि पिवळी चरबी काढून टाका. एक ग्रॅम चरबीत 9 किलोकॅलरी, प्रथिनात 4. मात्र पाककृतीत सांगितलेली चरबी स्वतःच्या मनाने शून्यावर आणू नका, मांजराला थोडी प्राणिज चरबी लागतेच.

ओट्यावरची शिस्त

साल्मोनेला, लिस्टेरिया, ई. कोलाय हे जीवाणू तुमच्या ओट्यावर येणार असं समजूनच वागा. डीप फ्रीझरमध्ये ठेवल्याने काही परजीवी मरतात, जीवाणू मात्र नुसते झोपतात. 2024 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत फ्रोझन कच्चं टर्कीचं खाणं खाऊन एक मांजर बर्ड फ्लूने दगावलं, म्हणजे विषाणूही गोठणीतून तरतो. आपल्या भागात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूची बातमी असेल तर कच्चं पक्ष्याचं मांस बंद, चर्चाच नाही.

बाकी रोजची कामं साधी आहेत. मांस एकेका दिवसाच्या पुड्या करून गोठवा आणि आदल्या रात्री खालच्या फ्रीजमध्ये उतरवा. ओट्यावर वितळू देऊ नका. मांजराचा बोर्ड, सुरी, वाटी वेगळी ठेवा. वाढल्यावर अर्ध्या तासात उरलेलं उचला आणि फेका, परत फ्रीजमध्ये ठेवू नका. वाटी गरम पाण्याने आणि साबणाने धुवा. हातही. लिटर साफ केल्यावरसुद्धा, कारण मांजर धडधाकट दिसत असलं तरी शीतून जंतू पडत असतात.

दाण्यांवरून मांसावर

पहिल्या दिवशी बोक्यापुढे वाटी ठेवली. त्याने हुंगलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वाटीभोवतीची फरशी पंजाने खरवडायला लागला. लिटर झाकतात ना, अगदी तसंच. मनाला लागलं, पण यात विशेष काही नाही. मांजर लहानपणी ज्या पोताचं खाणं खातं त्यालाच ते अन्न समजतं.

इथे एक नियम कोरून ठेवा: ‘भूक लागली की खाईल’ हे लठ्ठ मांजराच्या बाबतीत जिवावर बेततं. अशा मांजराने खाणं सोडलं की अंगातली चरबी धडाधड यकृतात जमते आणि दोन-तीन दिवसांत यकृत निकामी व्हायला लागतं. 24 तास काही खाल्लं नाही तर जुनं खाणं द्या आणि डॉक्टरांना फोन करा. त्या दिवशी वजनाचा विचार बाजूला.

आधी आठवडाभर फक्त वेळा लावा. दिवसभर भरून ठेवलेली वाटी उचला आणि तेच दाणे तीन-चार ठरलेल्या वेळांना द्या. मग शक्य असल्यास दाण्यांवरून ओल्या डबाबंद खाण्यावर या, आणि त्यात मांस मिसळायला लागा. सुरुवात चिमटीभर, खरोखर चिमटीभर. दोन-तीन दिवसांनी एकूण खाण्याचा दहावा भाग, मग हळूहळू वाढवत तीन ते चार आठवड्यांत पूर्ण. शी पातळ झाली की एक पाऊल मागे या. फ्रीजमधलं गार मांस मांजराला मेल्यासारखं वाटतं, म्हणून पुडी पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात बुडवा. मायक्रोवेव्ह नको. वरून चुरलेले दोन दाणे भुरभुरले तर पुष्कळदा काम होतं. आमच्याकडे अडतीस दिवस लागले. एखादं मांजर महिनाभर झगडूनही मानत नाही, त्याला ओल्या डबाबंद खाण्यावरच राहू द्या.

दर आठवड्याला काटा

ठरलेल्या वारी, सकाळच्या खाण्याआधी. लहान बाळांचा काटा असेल तर उत्तम. नसेल तर मांजर कडेवर घेऊन एकदा आणि एकटं एकदा वजन करून वजाबाकी करा, फक्त त्यात शे-दोनशे ग्रॅमची चूक होते हे लक्षात असू द्या. आठवड्याला अंगच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का उतरलं की गाडी रुळावर आहे. 7 किलोच्या बोक्याचे 35 ते 70 ग्रॅम. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण या वेगाने दीड-पावणेदोन किलो उतरायला सहा-सात महिने किंवा त्याहून जास्त लागतात, आणि तेवढे लागू द्यायचे. 2 टक्क्यांहून जास्त उतरायला लागलं तर भाग वाढवा. दोन-तीन आठवडे काटा हललाच नाही तर आधी घरातल्या चोरट्या दाण्यांचा तपास लावा, मगच डॉक्टरांशी बोलून भाग पाच-दहा टक्के कमी करा.

लिटरही वाचायला शिका. मांसावर शी कमी आणि घट्ट होते, ते ठीक. पांढरट, खडूसारखी, भुगा होणारी शी म्हणजे हाड जास्त झालंय. कुंथत असेल, रक्त दिसलं किंवा उलट्या सुरू झाल्या तर डॉक्टर.

भुकेची तक्रार पहिले काही आठवडे चालते, विशेषतः पहाटे पाचला. शेवटचा भाग झोपण्याआधी द्या, आणि त्याआधी दहा मिनिटं दोरीला बांधलेलं पीस ओढून पळवा. आमचा बोका सुरुवातीला आडवा पडूनच पंजा मारायचा. चौथ्या महिन्यात तो पहिल्यांदा सोफ्याच्या पाठीवर चढला आणि वर जाऊन कमरेपर्यंत पाठ चाटत बसला.

लक्ष्य गाठलं की भाग एकदम वाढवू नका. दर दोन आठवड्यांनी साधारण दहा टक्के वाढवत जा आणि वजन जिथे स्थिर होईल तिथे थांबा. नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या मांजराचा तो आकडा आपल्याला वाटतो त्यापेक्षा कमीच निघतो. कॅलरी वाढल्या म्हणजे पाककृतीही बदलते, ती पुन्हा तज्ज्ञाकडून तपासून घ्या. साप्ताहिक काटा आता महिन्यावर आणला तरी चालेल.