शेंगाचटणीपासून झटपट दाण्याचा सॉस
घरात सोलापुरी शेंगाचटणी असेल, तर दाण्याच्या सॉसची निम्मी तयारी झालेलीच आहे; भाजलेले दाणे, लसूण, तिखट, मीठ सगळं तिच्यात आहे. अर्धी वाटी चटणी मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा, कडेला तेल सुटेपर्यंत. मग कोमट पाणी चमचा-चमचा घाला. सुरुवातीला गोळा उलट घट्ट होतो, घाबरू नका. फिरवत राहिलं की रंग फिकटतो आणि सॉस गुळगुळीत होतो. शेवटी चिंचेचा कोळ, चिमूटभर गूळ. दही लागतच नाही, म्हणून पूर्ण व्हीगन. नूडल्सवर छानच, पण कडक भाकरीच्या तुकड्यांवर मला जास्त आवडतो. चटणीला खवट वास असेल तर मात्र वापरू नका, चिंचेने तो झाकला जात नाही. पाणी घातलेला सॉस फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा.