व्हिटॅमिन सी सीरम कसे वापरावे: बाटली निवडण्यापासून ती टाकून देईपर्यंत

चेहऱ्यावर तकाकी यावी म्हणून हौसेने आणलेली व्हिटॅमिन सी सीरमची बाटली पुष्कळ घरांत अर्धी संपण्याआधीच तपकिरी पडते आणि मग 'मला काही फरक पडला नाही' अशी तक्रार ऐकू येते. हे सीरम दुधासारखे नाशवंत आहे, हे ध्यानात ठेवले तर पुढच्या बहुतेक सूचनांमागचे कारण आपोआप कळेल.

प्रथम अपेक्षा नेमकी असावी. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन तयार होताना टायरोसिनेज हे एन्झाइम लागते. व्हिटॅमिन सी त्याच्या कामात अडथळा आणते. म्हणून मुरूम बरे झाल्यावर मागे राहिलेले डाग आणि उन्हाने आलेला काळवंडलेपणा हळूहळू फिका होतो. त्वचेला घट्टपणा देणारे कोलॅजन हे प्रथिन तयार होण्यासाठीही शरीराला हे जीवनसत्त्व लागते. मात्र जन्मतः असलेला वर्ण त्याने बदलत नाही. जाहिरातींनी 'उजळ' आणि 'गोरा' या दोन शब्दांची जी गल्लत करून ठेवली आहे, तिला आपण बळी पडू नये. दुसरी गोष्ट ओलाव्याची. शुद्ध व्हिटॅमिन सी त्वचेत पाणी धरून ठेवत नाही. ते काम ग्लिसरीन, हायल्युरॉनिक आम्ल आणि मॉइश्चरायझर करतात. त्वचा तजेलदार आणि ओलसर दोन्ही हवी असेल, तर सीरमसोबत यांपैकी काहीतरी लागतेच.

खरेदी करताना घटकांची यादी वाचावी. शुद्ध रूपाचे नाव एल-ॲस्कॉर्बिक आम्ल असे असते. सर्वांत जास्त अभ्यास याच रूपाचा झालेला आहे, पण ते त्वचेत नीट शिरण्यासाठी द्रावणाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) 3.5 च्या खाली असावा लागतो आणि म्हणूनच ते थोडे झोंबते. प्रमाण 10 ते 20 टक्के पुरेसे असते. 20 टक्क्यांच्या पुढे शोषण वाढत नाही, जळजळ तेवढी वाढते. पहिल्यांदाच वापरणाऱ्याने 10 टक्क्यांपासून सुरुवात करावी. ज्यांची त्वचा लगेच लाल होते, त्यांनी सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेटसारखे सौम्य रूप निवडावे. ते अधिक टिकते, मात्र त्याच्या परिणामाचे पुरावे तुलनेने कमी आहेत. सोबत व्हिटॅमिन ई आणि फेरुलिक आम्ल असेल तर उत्तम. 15 टक्के व्हिटॅमिन सी आणि 1 टक्का व्हिटॅमिन ई यांच्या द्रावणात अर्धा टक्का फेरुलिक आम्ल घातल्यावर ते अधिक स्थिर झाले आणि उन्हापासून त्वचेचे संरक्षण करण्याची त्याची क्षमता सुमारे दुप्पट झाली, असे 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले होते. बाटली गडद रंगाची किंवा प्रकाश आत न जाणारी असावी आणि शक्यतो लहान घ्यावी. मोठी बाटली स्वस्त पडते खरी, पण ती संपण्याआधी बिघडते.

येथे घरगुती उपायांबद्दल बोलणे भाग आहे. लिंबाचा रस म्हणजे सीरम नव्हे. त्याचा सामू 2 च्या आसपास असतो आणि लिंबूवर्गीय फळांच्या सालीतील काही द्रव्यांवर ऊन पडले की त्वचा भाजून महिनोन्‌महिने न जाणारे काळे डाग पडू शकतात. चघळण्याच्या गोळ्या कुटून गुलाबपाण्यात कालवण्याचा प्रकारही टाळावा, कारण त्यांत साखर, रंग आणि स्वाद असतात.

चेहऱ्यावर लावण्यापूर्वी कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे एक-दोन थेंब लावून दोन दिवस वाट पाहावी. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेसाठी ही चाचणी विशेष महत्त्वाची आहे. अशा त्वचेला जळजळ झाली की तिची खूण बहुधा काळ्या डागाच्या रूपाने मागे उरते, म्हणजे जो डाग घालवायचा तोच नव्याने ओढवून घेतला जातो.

सकाळची वेळ सर्वांत चांगली. सौम्य फेसवॉशने चेहरा धुऊन टिपून पूर्ण कोरडा करावा, कारण ओल्या त्वचेवर हे सीरम अधिक झोंबते. चार-पाच थेंब तळहातावर घ्यावेत. ड्रॉपर चेहऱ्याला टेकवू नये. कपाळ, गाल, हनुवटी आणि मान यांवर बोटांनी हलके दाबत लावावे. पापण्या, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे सोडून द्यावेत. मिनिटभर किंचित चुणचुण झाली तर चालते, पण लाली आली किंवा आग होऊ लागली तर लगेच धुऊन टाकावे. सीरम मुरले की मॉइश्चरायझर आणि त्यावर किमान 30 एसपीएफचे सनस्क्रीन लावावे. हे शेवटचे पाऊल वगळायचे असेल, तर सीरमचे पैसे वाचवलेले बरे. बाहेर असताना दर दोन तासांनी सनस्क्रीन पुन्हा लावावे. वांग असणाऱ्यांनी आयर्न ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन घ्यावे, कारण दृश्य प्रकाशानेही वांग गडद होतो.

पहिले दोन आठवडे दिवसाआड लावावे आणि सोसल्यास रोज. दिवसातून दोनदा लावण्याची गरज नाही. त्वचा एकदा या आम्लाने पुरेशी भरली की त्याचे प्रमाण निम्मे व्हायला सुमारे 4 दिवस लागतात, त्यामुळे एखादा दिवस चुकला तरी बिघडत नाही. रेटिनॉल (व्हिटॅमिन एचे एक रूप) वापरत असल्यास ते रात्रीसाठी ठेवावे. मुरमांसाठीचे बेन्झॉइल पेरॉक्साइड व्हिटॅमिन सीचे ऑक्सिडीकरण करते, म्हणून तेही वेगळ्या वेळी लावावे. थ्रेडिंग, वॅक्सिंग किंवा दाढी केली असेल त्या दिवशी सीरमला सुट्टी द्यावी.

बाटलीचे झाकण घट्ट लावून ती फ्रिजमध्ये ठेवावी. गीझरच्या वाफेने भरणारे न्हाणीघर आणि उन्हाची तिरीप येणारे आरशाचे टेबल या दोन्ही जागा वाईट. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहावी आणि दोन-तीन महिन्यांत ती संपवावी. परिणाम दिसायला 8 ते 12 आठवडे लागतात, तेव्हा रोज आरशात शोधण्यापेक्षा पहिल्या दिवशी खिडकीजवळच्या उजेडात एक छायाचित्र काढून ठेवावे आणि तीन महिन्यांनी त्याच जागी दुसरे काढावे. तरीही डाग हलले नाहीत किंवा पसरले, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. ताजे सीरम बिनरंगी किंवा फिकट पिवळे असते. ते चहासारखे दिसू लागले की उरलेले थेंब टाचांना किंवा कोपरांना लावून 'वसूल' करू नयेत, कारण त्यांत उपयोगाचे फारसे काही राहिलेले नसते आणि उशीच्या अभ्र्यावर पिवळट डाग मात्र पडतात.