मुलाच्या कानाशी घरी झटापट? या चुका टाळा

कान-नाक-घशाच्या ओपीडीत नर्स म्हणून २२ वर्षं काढली. मुलाने कानात काही घातलं म्हणून सहसा फारसं बिघडत नाही. बिघडतं ते घरचे काढायला बसल्यावर.

आजी वाटाणे निवडत होती, चार वर्षांच्या नातवाने त्यातला एक कानात घातला. दाणा बाहेरून दिसत होता, म्हणून बापाने केसांचा आकडा घातला आणि दाणा आत सरकवला. मग काकाने पिचकारीने पाणी मारलं. वाळलेलं कडधान्य पाण्यात काय करतं, हे उसळ खाणाऱ्या घराला मी सांगायचं? दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आले तेव्हा दाणा फुगून रुतलेला, आतली कातडी सोललेली, पोर कुणाला हात लावू देईना. पाच मिनिटांचं काम, भूल देऊन करावं लागलं.

माझी रीत एकच. तो कान खाली येईल असं डोकं कलवायचं, लहान मुलाचा कान हलकेच मागे-खाली ओढायचा (मोठ्याचा मागे-वर) आणि जरा हलवायचं. पडलं तर पडलं. नाही तर सरळ दवाखाना. दुसरा प्रयत्न नाही, यूट्यूब तर नाहीच.

घड्याळातला बटन सेल गेला असेल तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी निघा. कानाच्या ओलीत तो काही तासांतच कातडी जाळतो. कुठलेही थेंब घालू नका.

तेल फक्त जिवंत किडा वळवळत असेल तर. तेही कोमट, दोन-चार थेंब, आणि कान वाहत नसेल, पडद्याला भोक नसेल तरच. लसूण घालून कढवलेल्या तेलाने भाजलेले कान मी पाहिलेत. 'आधी मनगटावर टाकून बघितलं होतं' म्हणणारं एकही माणूस भेटलं नाही.

बाळी ओढली जाऊन पाळी फाटली? हळद नको, कॉफी नको. स्वच्छ फडक्याने १० मिनिटं दाबून धरा, मध्ये उघडून बघू नका (हे कुणालाच जमत नाही). आरपार फाटली असेल तर त्याच दिवशी टाके. खेळायला जाणाऱ्या पोरीला लोंबते डूल घालण्यावरून माझं बहिणीशी अजून वाजतं.

डोक्यावर पडून कानातून रक्त किंवा पाणी आलं तर बोळा कोंबू नका. वाहू द्या, वर सैल फडकं ठेवा, १०८ ला फोन करा.

कानशिलात बसून ऐकू कमी येत असेल तर पडदा फाटलेला असू शकतो. डॉक्टरांना दाखवा. बहुतेक पडदे काही आठवड्यांत आपोआप भरतात, पण तोवर कान कोरडा हवा. पोहण्याच्या क्लासची फी भरलीय, हे कारण मी ऐकून घेत नाही.